व्याह्यांनी शाळा तपासली

आमच्या व्याह्यांना उद्या देवाने दर्शन दिलं, तर ते आधी देवाचे हात मोजतील आणि चार भरले तरच नमस्कार करतील. जन्मभर त्यांनी चाकणच्या एका कंपनीत आलेला माल तपासला. रिटायर झाले, पण तपासणी सुटली नाही. त्यांची मुलगी माझ्या मुलाला दिली, त्या लग्नात मांडवात पाहुणे यायला लागले तरी हे आचाऱ्यापाशी लाडू उजेडात धरून उभे. "हे बारके हायत. आपल्या माणसांना वाढा, मुलाकडच्यांना जाऊ देऊ नका." मी मुलाचा बाप, मागेच उभा होतो.

यंदा नातीला पहिलीत घालायचं होतं. जिल्हा परिषदेच्या दोन शाळा, एक माझ्या घरामागे, दुसरी व्याह्यांच्या दाराशी. मुलगा-सून दोघंही शिफ्टला, म्हणजे जिथली शाळा तिथल्या आजोबाकडे पोर दुपारपासून राहणार. माझी बायको गेल्यापासून माझ्या घरात टीव्हीशिवाय कुणी बोलत नाही. त्यामुळे माझं ठरलेलं होतं, आणि मी ते तोंडावर सांगितलं.

"असं मनानं चालत न्हाई व्याही," ते म्हणाले. "सरकारनं दोन्ही शाळांची माहिती जाहीर केलीय. बघून ठरवू."

मोबाईलवर त्यांनी दोन्ही शाळा शेजारी शेजारी लावल्या. एका बाईंमागे पोरं किती, खोल्या किती, पुस्तकं, नळ, सगळं. मी चौथी शिकलेला, पण कोण हरतंय एवढं मला वाचता येतं.

"तुमच्याच दारातली शाळा बरी पास होते!"

"आकडे माझे न्हाईत, सरकारचे हायत."

"मग जेवायलाबी सरकारकडंच जा!"

ते जेवूनच गेले. दुसऱ्या दिवशी आकडे खरे का खोटे बघायला टेप घेऊन आमच्या शाळेत शिरले. नळ पिळले, बाकं हलवली, दारातली उतरण मोजली. मोठ्या बाई धावत आल्या. "साहेब, जिल्ह्याहून आलात का? चहा सांगू?"

"न्हाई. मी आईकडचा आजोबा."

चहा आला नाही. स्वतःच्या दारातल्या शाळेलाही त्यांनी सोडलं नाही, हे कबूल करायला पाहिजे. तिथली पुस्तकं खरी निघाली, पण कपाटाची किल्ली कुणालाच ठाऊक नव्हती. तरी पारडं तिकडेच. आमच्याकडे बाई दोघीच आणि हात धुवायची जागा नाही.

रविवारी ते निकाल घेऊन आले. मी भाकरी करत होतो. ताटातली त्यांनी सवयीने उलटून पाहिली, करपलेली बाजू बघितली आणि गुपचूप खाल्ली. मग म्हणाले, "व्याही, तुमची शाळा घेऊ. डेव्हिएशनवर."

म्हणजे काय, तर कंपनीत माल मापाला थोडा कमी पडला, पण कामाची लाइन बंद पडू द्यायची नसली, तर कमीपणा मान्य करून, अटी घालून, सही करून घेतात. "मी नोकरीत असली सही कधी केली न्हाई," ते म्हणाले. अटी दोन. हात धुवायची जागा आम्ही दोघांनी बांधून द्यायची, आणि पोरीचं वाचन घ्यायला ते रोज माझ्याकडे येणार.

"पण लाइन कुठली बंद पडतेय?" मी विचारलं.

त्यांनी घरभर नजर फिरवली. "अजून एक भाकरी वाढा."

ते गेले आणि मी ही गंमत बायकोला सांगायला आत वळलो. आत कोण असणार? तसाच दारात आलो आणि हाक मारली, "ओ व्याही, चहा राहिला!" ते रस्त्यावरून माघारी आले. मग त्यांचीच गोष्ट मी त्यांना पहिल्यापासून सांगितली, आणि त्या माणसाने मध्ये एकदाही चूक काढली नाही.