डोंगराला दिलेला आवाज

शहराबाहेर, विमानतळाच्या बाजूला, एका मनोरंजन उद्यानात मी डार्क राइडचं काम करत होते. डार्क राइड म्हणजे बंद इमारतीतला अंधारा रस्ता. रुळांवरून छोटे डबे हळू फिरतात आणि वळणावळणावर गोष्टीतला एकेक प्रसंग उजळतो. दृश्यं माझ्याकडे होती, आवाजाचं काम एका सहकाऱ्याकडे. गोष्ट आम्हीच लहान मुलांसाठी रचली होती. सीताफळं वेचायला गेलेल्या मुलीला एक डोंगर तिच्या आईच्या आवाजात हाका मारतो. मुलगी हुशार. ती आत जात नाही, फक्त आईलाच ठाऊक असेल असा प्रश्न विचारते. डोंगराला उत्तर येत नाही आणि तो गप्प होतो.

कागदावर गोड वाटणारी ही गोष्ट अंधारात बदलली. फायबरचा डोंगर उभा राहिला, त्याच्या तोंडात आम्ही काळा रंग दिला, आणि त्यानंतर रंगारीसुद्धा तिथे एकटे थांबेनात. मला ते आवडलं होतं. काम जमतंय असं वाटलं होतं.

अडलं हाकेपाशी. स्टुडिओतल्या बायकांच्या हाका जाहिरातीसारख्या यायच्या. उद्यानाचे मालक म्हणाले, "माँ बुला रही बोलके लगना, मॅडम. ये तो साबुन बेच रही." तेव्हा मला वहिनी आठवल्या. शहरातच, दिलसुखनगरला दादाचा फ्लॅट आहे. रोज संध्याकाळी वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली खेळणाऱ्या माझ्या भाचीला हाक मारतात. त्या चिक्कडपल्लीच्या तेलुगू वस्तीत वाढलेल्या, त्यांची हाक अर्धी मराठी, अर्धी तेलुगू; 'दा' म्हणजे 'ये'. "अम्मलूऽऽ, ये गं! दा, लौकर दा!"

पंखा आणि मिक्सर बंद करून आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरातच रेकॉर्डिंग केलं. वहिनींना हसू आवरत नव्हतं. "पोरीला सांगू नका हं," त्या म्हणाल्या. "आत गेल्यावर ऐकू दे. गंमत होईल."

बोगद्यात तो आवाज पहिल्यांदा घुमला तेव्हा मी तो कमी करायला सांगितला. मालकांनी पुन्हा वाढवायला लावला.

ट्रायलच्या दिवशी कामावरच्या लोकांची मुलंबाळं बोलावली होती. वहिनींचं डोकं दुखत होतं, म्हणून दादा एकटाच भाचीला घेऊन आला. मी कंट्रोल रूममध्ये, अंधारातलंही टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर. पडद्यावर सगळी मुलं राखाडी दिसत होती, डोळे पांढरे. डोंगराशी डबे आले आणि हाक झाली. मुलं किंचाळली, मोठ्यांच्या कुशीत शिरली. माझी भाची किंचाळली नाही. ती ताठ बसली, ऐकत राहिली. मांडीवरचा दांडा दादाच्या मांड्यांवर अडकला होता, तिचे पाय त्याखाली मोकळेच होते. ती खाली सरकली आणि चालत्या डब्यातून उतरली.

मी थांबवायचं बटण दाबलं. दिवे लागले. आम्ही धावलो. त्या उजेडात नुसते बांबू, वायरी, गोणपाट दिसत होतं, आणि ती कुठेच नव्हती. दादा तिला मोठमोठ्याने हाका मारत होता. आवाजाची यंत्रणा वेगळी असल्यामुळे ती बंद झालीच नव्हती. दादाच्या हाकांवर डोंगरातून वहिनी ओरडत होत्या, "दा, लौकर दा!"

ती डोंगराच्या तोंडात, जाळीमागे सापडली. स्पीकरच्या खोक्याला गाल लावून बसली होती.

"आत्या, आई आत आहे," ती शांतपणे म्हणाली. "काढ ना तिला."

मी तिला वायर दाखवली, खोकं उघडून दाखवलं. तिने पटल्यासारखी मान हलवली. घरी गेल्यावर मात्र ती दारातच उभी राहिली आणि वहिनींकडे बघत म्हणाली, "आई, माझा पहिला दात पडला तो आपण कुठे टाकला?"

"तुळशीत पुरला की," वहिनी म्हणाल्या. तेव्हा कुठे ती आत आली.

मग रोज एक प्रश्न. आधी आम्ही हसलो. दादाने तर तिला बक्षीसही लावलं. एका संध्याकाळी तिने विचारलं, शाळेच्या पहिल्या दिवशी माझी बॅग कुठल्या रंगाची होती? वहिनी दमलेल्या होत्या. गुलाबी म्हणाल्या. ती निळी होती. मुलगी आपली उशी उचलून दादाच्या पलीकडे जाऊन झोपली.

वहिनींनी मला फोन केला. "माझी लेक माझी परीक्षा घेतेय," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगू, मलाच भीती वाटायला लागलीय. मी जुने फोटो काढून बघत बसते."

हाक काढून टाका, असं मी मालकांना सांगितलं. "बच्चे डरने कोच आते, मॅडम," ते म्हणाले; मुलं घाबरायलाच येतात, असं त्यांचं म्हणणं. पण मूल डब्यातून उतरलं होतं हे त्यांनीही पाहिलं होतं. दांडे बदलले, हाकेच्या जागी घंटांचा आवाज आला. सहकाऱ्याने माझ्यासमोर हाकेची फाइल पुसली. वहिनींना तेवढ्याने पटेना.

"मला स्वतःला ऐकायचंय," त्या म्हणाल्या.

राइड सुरू झाल्यावर एका सुट्टीच्या दिवशी आम्ही गेलो. दादा भाचीला घेऊन बाहेर थांबला. डोंगराशी आल्यावर वहिनी पुढे झुकल्या. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. घंटा वाजल्या. त्यांच्या आवाजाखाली दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं.

"नाहीये," वहिनी म्हणाल्या, आणि डब्यात मागे टेकल्या.

बाहेरच्या उन्हात भाची उभी होती. ती आईकडे धावली नाही. माझी ओढणी ओढून तिने मला खाली वाकवलं.

"आत्या, तू आत तिच्या बाजूलाच होतीस ना?"

"हो गं."

"पूर्ण वेळ? अंधारात पण?"

"अंधारात पण. हात धरला होता."

तिने माझा हात उलटा करून अंगठीचा वळ पाहिला. मग जाऊन वहिनींचं बोट धरलं. परतताना गाडीत ती त्यांच्या मांडीवर झोपली. वहिनी घर येईपर्यंत हलल्या नाहीत.

राइड चांगली चालते, सुट्टीत रांग लागते. भाचीचे प्रश्न पुढे हळूहळू कमी झाले. अजूनही एखादा येतो, जेवताना, सहज विचारल्यासारखा. वहिनी उत्तर देतात, पण त्याआधी घास तसाच हातात धरून थांबतात, आणि त्या थांबल्या की दादा आणि मीसुद्धा जेवायचं थांबतो.