पळसाच्या रंगाची लोकर

मायच्या डोळ्यांतले मोतीबिंदू काढले त्या हिवाळ्यात मी सासरहून माहेरी कळसाडीला आले होते. लढाईचे दिवस होते. मिशनच्या दवाखान्यात डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तिला निजवून ठेवलं होतं. हलायचं नाही, खोकायचंही नाही. पट्ट्या सुटल्यावर डॉक्टर म्हणाले, काम चांगलं झालंय, चष्मा येईपर्यंत मात्र धूसर दिसेल.

धूसर म्हणजे किती, ते आम्ही विचारलं नाही. बैलगाडीत गवत घालून तिला घरी आणली. ती माझ्याकडे तोंड करून बसे, आणि मी समोरून उठून गेले तरी तिकडेच बघत राही. वडील सारखे विचारत, "काही दिखस का?"

"धुकं शे," ती म्हणे. पुढे तिने उत्तर देणंच सोडलं. एकदा वडील मला गोठ्यात घेऊन गेले आणि स्वतःच्या डोळ्यांकडे बोट करून हळूच म्हणाले, "डोया गयात वाटस."

हातांना काही काम हवं म्हणून मी लोकर काढली. नंदुरबारच्या शाळेत बाईंनी विणकाम शिकवलं होतं. मायसाठी स्वेटर विणायचा होता, पण लोकर पांढरी, चुलीपाशी लगेच मळली असती. रंगाच्या पुड्या दुकानातून गायब झाल्या होत्या. होळीला मायने वाळवून ठेवलेली पळसाची फुलं गाडग्यात होती. ती रात्रभर भिजवली, सकाळी उकळून पाणी गाळलं, तुरटी टाकली. तांब्याचं पातेलं कल्हईला गेलेलं, म्हणून लोखंडी कढई घेतली. मंद आचेवर लड्या त्यात मुरत ठेवल्या. मला हळदीसारखा पिवळा हवा होता. लड्या बाहेर काढल्या तर डबक्यातल्या शेवाळासारख्या निघाल्या.

अंगणात उन्हात त्या पिळत मी उभी होते. खाटेवरून माय म्हणाली, "काय शे तुन्हा हातमा?"

"लोकर. पळसमा रंगाडी."

"पळस असा नई ऱ्हास. हाऊ हिरवा शे. लोखंडनी कढईमा टाकी का?"

माझ्या हातातून लडी सुटून मातीत पडली. "माय, तुले दिखस?"

"तुन्हं तोंड नई दिखत. रंग दिखस."

मी धावत आतून हळदीचा डबा आणला, मग एक लाल मिरची, मग माझं निळं लुगडं. तिने सगळं बरोबर ओळखलं. निळा पाहून म्हणाली, इतका निळा तिने कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. वडील दारात कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. ते तिथेच उंबऱ्यावर बसले आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसू लागले. त्या दिवशी दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा माय दोन भाकरी जेवली. मलाही केवढी भूक लागली होती.

स्वेटर मी त्या हिरव्या लोकरीचाच विणला.

थंडी सरता सरता चष्मा आला. काचा जाडजूड. कानांवर दांड्या नीट बसवून मायने वडिलांकडे बराच वेळ पाहिलं.

"म्हातारा हुई गयात तुम्ही," ती म्हणाली.

वडिलांनी गालांवरून हात फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच न्हाव्याला बोलावून आणलं.