पाटीवरचं कुंकू

शेजारच्या विलासरावांनी एक जुना पिकअप ट्रक घेतलाय. तो कारखान्यातून निघाला होता अगदी तसाच पुन्हा करायचा, हा त्यांचा ध्यास. काल ते बॉनेटखालची छोटी पत्र्याची पाटी रॉकेलच्या बोळ्याने पुसत होते. तिच्यावर दरवर्षीच्या दसऱ्याचं कुंकू थरावर थर बसलेलं. ते निघत गेलं तसे खाली ठोकलेले आकडे दिसू लागले. मांडीवरच्या जुन्या माहितीपुस्तकाशी विलासराव एकेक आकडा ताडून पाहत होते.

"हा इंजिनाचा, हा गिअरचा. आणि हा रंगाचा. अहो, ही गाडी हिरवी नव्हतीच! आकाशी होती!"

मला गाड्यांतलं काही कळत नाही. मी त्या लाल झालेल्या बोळ्याकडेच बघत राहिलो. सगळी गाडी गंजलेली, पाटी तेवढी शाबूत. तेलात कालवलेल्या कुंकवाने तिला जपलं होतं. कारखान्याने लिहिलेलं आज वाचता आलं, कारण कुण्या ड्रायव्हरने ते न वाचताच पुजलं होतं.

पाटी लख्ख झाली. विलासरावांनी आकडे वहीत उतरवून घेतले आणि घराकडे बघून हाक मारली, "अगं, कुंकवाचा करंडा आण. थोडं तेलही."