उर्सुलाने परत आणलेली माणसं

उर्सुला गेल्याचं तिच्या भाचीने फोनवर कळवलं. पाठोपाठ तिच्या जर्मनीतल्या संग्रहालयाचा शोकसंदेश आला. ‘त्यांच्या साथीने आम्ही मानवी अवशेष सन्मानाने परत केले,’ असं त्यात होतं. सन्मानाने... महिना झाला, तो शब्द अजून घशाखाली उतरत नाही.

ती मानववंशशास्त्रज्ञ. तरुणपणी जयगडच्या खाडीतल्या मासेमारीचा अभ्यास करायला आली, आमच्या घरी राहिली आणि पुढे येतच राहिली. आमच्यासारखेच हेल काढून बोलायची. एकदा मात्र ताटातली मच्छी चिवडत म्हणाली, “रुबिना, आमच्या तळघरात तुमची माणसं आहेत गो.” जुन्या काळी कुणा साहेबाने आमच्या कबरस्तानातून कवट्या उकरून नेल्या होत्या, डोक्यांची मापं घ्यायला. त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत पडून होत्या. परत द्या म्हणाली, तर संचालकांनी सुनावलं, “माणसं नव्हेत, नमुने म्हणा.” ती गप्प बसेना, तेव्हा तिचं संशोधन काढून घेतलं आणि शाळेच्या सहलींना संग्रहालय दाखवायला लावलं. निवृत्त होईपर्यंत ती ते करत राहिली, आणि कवट्या मागत राहिली.

मग परत देण्याची फॅशन आली. संचालक नवे, सोबत कॅमेरे. रत्नागिरीत सभागृह घेतलं, हारतुरे, सामोसे, आपले पुढारीही फोटोत घुसायला पुढे. एका पाहुण्याने चहाचा कप चक्क खोक्यावर टेकवला. उर्सुलाने तो उचलून त्याच्या हातात दिला. “आत माणूस आहे,” म्हणाली. तो हसला.

माझे हसनमामू उठले. “चला, यांना घरी नेऊया.”

पण कीड लागू नये म्हणून संग्रहालयाने त्या कवट्यांवर वर्षानुवर्षं विष मारलेलं. मामूंना त्यांना आंघोळ घालायची होती. उर्सुलाने त्यांचा हात धरला. शेवटी रबरी हातमोजे चढवून आम्ही आमच्याच माणसांना माती दिली. “मेल्यावरपण सोडलं नाही यांना,” मामू म्हणाले. कबरस्तानाच्या दगडी गडग्याला टेकून उर्सुला रडली. तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

आमच्या मागच्या खोलीत ती राहायची. गावातली पोरं तिला शिंपले आणून द्यायची. निघताना ती ते सगळे खिडकीत मांडून ठेवायची. मी म्हणायची, “अगं, ने की एखादा.”

“नको गो. इथलं आहे.”

खिडकी भरून गेलीय. ती खोली मी झाडते तेव्हा एकेक शिंपला उचलते, पुसते आणि जिथल्या तिथे ठेवते.