अण्णांचे नवेकोरे जुने टायर

टायरच्या दुकानात हात काळे होतात, ते संध्याकाळी डिझेलने साफ करता येतात. डोक्यात जमलेले किस्से मात्र कशानेच निघत नाहीत. माझे बरेचसे तर गिऱ्हाइकांचे नाहीतच, घरचे आहेत. बी.कॉम. अर्धवट सोडून मी पोलादपूरला हायवेवर बाळूशेठच्या दुकानात लागलो. महाडला आमच्या घरी पाहुण्यांना अजून 'तो सध्या घरीच असतो' असं सांगतात. सांगणारे माझे वडील, अण्णा, रिटायर्ड हेडक्लार्क. त्यांच्याकडे एक गाडी आहे, जी ते चालवत नाहीत.

*

गाडी शेडमध्ये कव्हर घालून उभी असते. गणपतीला गावी, दसऱ्याला देवळात, एवढाच तिचा प्रवास. दर रविवारी अण्णा इंजिन सुरू करतात आणि शेजारी उभे राहून चहा पितात. चहा संपला की इंजिन बंद.

"गाडी चालू राहिली पाहिजे."

"इंजिन चालू राहतं, अण्णा. टायर नऊ वर्षं तिथंच उभे आहेत."

"म्हणून तर नवे आहेत."

*

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर कधी बनला ते त्यावरून कळतं. पाच-सहा वर्षं झाली की दरवर्षी तपासून घ्यावा, दहाच्या आसपास बदलूनच टाकावा, नक्षी कितीही खोल असो. रबर नुसत्या वयानेही कडक होतं. हे सगळं मी अण्णांना टॉर्च मारून दाखवलं.

अण्णा वाकले. त्यांना आकडे दिसले नाहीत, नव्या टायरला असतात तसे रबराचे बारीक केस तेवढे दिसले.

"केस आहेत की अजून! वय कसलं सांगतोस? वय बघून कोणी कोणाला काढतं का?"

"तुम्हाला काढलंच की, अठ्ठावन्नाव्या वर्षी."

अण्णांनी टॉर्च माझ्या हातातून काढून घेतला.

*

शेजारी सामंत सर राहतात. शाळेत आम्हाला विज्ञान शिकवायचे, म्हणजे पुस्तक वाचून दाखवायचे. टायरच्या बाजूला पडलेल्या भेगा मी त्यांना दाखवल्या. म्हटलं, आपल्या बाजूने कोणीतरी बोलेल.

"कोरडेपणा आहे," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बघतो तर दोघे म्हातारे शेडमध्ये खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसलेले. चारही टायर चोळून चकचकीत.

"गेल्या की नाही भेगा?"

"सर, हा टाचांचा उपाय आहे."

"तत्त्व एकच," सर म्हणाले.

*

सावित्री नदीचं पाणी चढायला लागलं की आमची अख्खी आळी गाड्या काढून हायवेच्या उंचवट्यावर नेऊन लावते. गेल्या पावसाळ्यात मी अण्णांच्या शेजारी बसलो होतो. टायर एकाच जागी उभे राहून खालून चपटे झालेले. गाडी ढब ढब उडत चालली होती, माझे दात वाजत होते.

"रस्त्याचं काम बघ," अण्णा म्हणाले. "एक धड बांधत नाहीत."

तेवढ्यात एक रिक्षावाला एका हातात चहाचा ग्लास धरून शेजारून गेला. थेंब सांडला नाही.

"त्याला सवय आहे," अण्णा म्हणाले.

*

इथवर हसून सोडता आलं असतं, पण मग ताईला आणायची वेळ आली. ती वाईला असते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातवा सरल्यावर अण्णा आणायला जाणार. येताना महाबळेश्वर आणि आंबेनळी घाट. त्या उतारांनी काय होतं ते आमच्या दुकानात रोज येऊन पडतं.

"टायर बदला, नाहीतर भाड्याची गाडी करा," मी म्हटलं.

"दारात गाडी असताना लेकीला भाड्याच्या गाडीतून आणू? लोक काय म्हणतील?"

मी ताईला फोन केला. म्हटलं, बसूच नकोस त्या गाडीत.

"मी नाही बसले तर अण्णा एकटे उतरतील ना रे तो घाट, त्याच टायरांवर," ती म्हणाली. "त्यापेक्षा बसते."

*

निघायच्या आदल्या संध्याकाळी आईने माळ्यावरून पाळणा काढला. माझ्यानंतर त्यात कोणी झोपलेलं नाही. सामंत सर चहाला आलेच होते. दोरी जशीच्या तशी होती, मी ती आईच्या हातात दिली.

अण्णा ताडकन उठले. "ती ठेव खाली! इतकी वर्षं नुसती पडून आहे. वरून चांगली दिसते, आतून कुजलेली असते. माझं नातवंड टांगायचंय तिच्यावर!"

सरांनी रिकामा कप परत तोंडाला लावला. अण्णा उभेच राहिले, शेडकडे बघत.

सकाळी मी दुकान उघडत होतो, तर गाडी ढब ढब करत आली. अण्णा उतरले. माझ्याकडे न बघता बाळूशेठला म्हणाले, "टायर बदलायचेत. पण ह्या पोराला हात लावू देऊ नका."

"साहेब, दुसरा कोण नाय हो," बाळूशेठ म्हणाला. "माझी तर कंबर धरलीय."

अण्णा रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी जॅक लावला, नवे चार टायर ओढून आणले, पहिल्या चाकाचे नट ढिले केले.

"चार नाही, पाच," अण्णा पाठमोरेच म्हणाले. "स्टेपनी तर आजवर जमिनीलाही लागलेली नाही."