तराजूबाबांचा पाळणा

तराजूबाबा माणसाकडे नुसतं बघून त्याचं वजन सांगत. शेरात नव्हे, पोरांत. "ही याडी म्हणजे अडीच पोरं," असं पहिल्याच भेटीत माझ्याबद्दल म्हणाले आणि सगळी जत्रा हसली. मी गावच्या शाळेत नवी मास्तरीण, मला रागच आला. पण त्यांच्या तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे आई, तेव्हा रागावणार तरी किती?

राळेगावकडच्या आमच्या गावच्या जत्रेत त्यांचा सागवानी हातपाळणा दरवर्षी यायचा. चार खोकी, आणि फिरवायला एकटे बाबा. समोरासमोरच्या खोक्यांत वजन सारखं नसलं की पाळणा अडायचा, म्हणून कोणी कुठे बसायचं ते बाबाच ठरवत. माझ्यासमोर कायम शेवंता. ती गावकुसाबाहेरच्या वस्तीतली, कापूस वेचायला जायची, माझ्याच अंगाची. मी खाली गेले की ती वरून ओरडायची, "मास्तरीणबाई, पडसान!" एरवी आमचं बोलणं रस्त्यातल्या "कुठं चालल्या?"पुरतं. पाळण्यात मात्र घसा बसेपर्यंत.

छप्पन सालानंतर वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला आणि गावातल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यानंतरच्या जत्रेत आपल्यासमोर वस्तीतला गडी बसलेला पाहून पाटलांनी त्याला उतरवायला सांगितलं. बाबा लाकडाला हात लावून शांत उभे. "उतरवतो मालक. पण तुमच्या वजनाचा दुसरा गडी जत्रेत नाही. तोल नाही त पाळणा नाही." मांडीवरच्या नातीनं भोकाड पसरलं आणि पाटील चूप बसले. खरं तर त्यांच्या वजनाचे चार जण रांगेत उभे होते. बाबांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

एवढं बघूनही माझी अक्कल चरायला गेली! नागपूरचं मोठं प्रदर्शन बघून आले आणि वर्षभर तेच पुराण. तिथला पाळणा विजेवर चालतो, रंगीत दिवे लागतात, कोणीही कुठेही बसावं! बाबांना तर तोंडावर म्हणाले, "तुमचं हे आता अगदीच गावठी वाटतं हो." ते हसले. "मले बी दाखव एक डाव, याडी." दाखवते कसली! पंचांनी नागपूरहून इंजिनाचा पाळणा आणायचं ठरवलं, तेव्हा मालकाला पत्र गेलं ते माझ्याच वळणदार अक्षरात. जागा दिली तीही बाबांचीच.

त्या जत्रेला बाबा आले ते मोकळ्या हातानं, बघायला. इंजिनाभोवती दोनदा फिरले, वाकून पट्टा पाहिला. तेवढ्यात पंचांनी जाहीर केलं, आधीच्या फेऱ्या गावाच्या, वस्तीचं मागून बघू. शेवंता माझ्या शेजारीच उभी होती. तिचा हात धरून मला तिला बसवता आलं असतं. निदान स्वतः खाली राहता आलं असतं. मी पदर खोचला आणि बसले. सांगायला लाज वाटते, पण वर गेल्यावर मला मजाही आली.

उतरले तेव्हा शेवंता निघून गेली होती. बाबा तिथेच होते, मान वर करून खोकी बघत. "झकास हाय," म्हणाले. मग धंद्यातलं काही विचारावं तसं विचारलं, "तुह्यासमोर कोण बसलं होतं, याडी?"

"कोणी नाही. रिकामंच होतं."

"रिकामं?" त्यांना खरोखरच उमजेना. "अन् तरी फिरला?"

मी मान खाली घालून घरी आले.

त्यानंतर बाबांचा पाळणा आमच्या गावी आला नाही. शेवंता पुढे कित्येक वर्षं शाळेवरूनच शेतात जायची. "कुठं चालल्या?" एवढंही तिनं मला परत विचारलं नाही, आणि तिला हाक मारायचा मला धीर झाला नाही.