मिलिंदचा फाइट प्रिव्ह्यू

ऑफिस बंद झालं की ऑफिसचे किस्सेही बंद होतील, असं मला वाटलं होतं. छे! लॉकडाऊनमध्ये घरबसल्या इतके साचले, की बाप्पा, कुठे ठेवू!

सगळ्याला कारण आमचा मॅनेजर डेक्लन. माणूस सज्जन, पण एमएमएचा वेडा. एमएमए म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात दोन माणसं एकमेकांना लाथांनी, बुक्क्यांनी, गळा आवळून, जमेल तसं बडवतात, तो खेळ. २०२० च्या शेवटी त्या खेळाची एक मोठी चॅम्पियनशिप फाइट ठरली आणि नेमकी तेव्हाच आमच्या टीममध्ये लीडची जागा रिकामी झाली. ती मला हवी होती. नागपूरची आहे मी, आडून बोलत नाही. हवी होती म्हणजे हवीच होती! आणि हवी होती मिलिंदलाही. मिलिंद पुण्याचा, इथे आयर्लंडमध्ये ओंगारला आमच्याच गल्लीत राहणारा.

*

फाइट जाहीर झाली त्या सकाळी डेक्लनने कॉलवर विचारलं, "कोण जिंकेल?"

सगळे म्यूट. मिलिंद मात्र अनम्यूट झाला आणि गंभीरपणे म्हणाला, "चॅम्पियन. त्याचं फुटवर्क बघ, डेक्लन. फुटवर्क!"

डेक्लनचा चेहरा असा खुलला, जणू हरवलेला भाऊ सापडला.

नंतर मी फोन करून विचारलं, "तुला काय कळतं रे त्यातलं?"

"काही नाही. पण फुटवर्क कुठल्याही खेळात चालतं. बुद्धिबळ सोडून!"

*

मग दर शुक्रवारी कॉलवर मिलिंदचा प्रिव्ह्यू सुरू झाला. स्लाइड्ससकट! चॅलेंजरची बलस्थानं, चॅलेंजरचे कच्चे दुवे, दोघांच्या हातांची लांबी. एका शुक्रवारी मी मध्येच सांगितलं, की माझं रिलीज एकही बग न येता लाइव्ह गेलं. जीव काढला होता हो मी त्याच्यासाठी!

"ग्रँड!" डेक्लन म्हणाला. आणि लगेच, "मिलिंद, ती हातांची स्लाइड परत दाखव ना."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. कॅमेरा बंद करून मी कणीक मळायला घेतली. त्या दिवशीच्या पोळ्या फार मऊ झाल्या होत्या.

*

केतकी, म्हणजे मिलिंदची बायको, माझी फिरायला जायची मैत्रीण. तिने सांगितलं, की मिलिंद घरात तक्क्याचा गळा आवळायची प्रॅक्टिस करतो, कॉलवर करून दाखवायची म्हणून. तिचे सासरे साताऱ्याकडचे. मुलाकडे म्हणून आले आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकले. ते सोफ्यावर बसून बघत होते.

"आरं, तक्क्या हाय त्यो! उलटा मारत न्हाई म्हनून जिंकतुयास!"

"बाबा, ऑफिसचं काम आहे हे."

"आसं व्हय? मग पगार तक्क्याला द्या. मार तर त्योच खातोय!"

*

शेवटी मीही ठरवलं, आपणही शिकायचं. डेक्लनला तसं सांगून, मनाचा हिय्या करून चॅम्पियनची एक जुनी फाइट लावली. एकाच्या भुवईतून रक्ताची धार लागली आणि मी लॅपटॉप फाडकन मिटला. दुसऱ्या दिवशी डेक्लनने हौसेने विचारलं, "कशी वाटली?"

"मला बघवली नाही," मी म्हणाले.

"फेअर इनफ," म्हणाला आणि विषय संपला.

नवरा ऐकत होता. "अगं, खोटं बोलायला काय झालं होतं?"

"रक्त बघून मला खोटं सुचत नाही!"

*

आणि मग आली फाइट. रविवारी पहाटे दिसणार होती आमच्याकडे. शनिवारी संध्याकाळी बातमी आली, चॅम्पियनची कोविड टेस्ट पॉझिटिव्ह! फाइट रद्द!

अख्ख्या आयर्लंडला कळलं. मिलिंदच्या मेसेजला कळलं नाही. कारण पहाटे उठायचा कंटाळा म्हणून त्याने मेसेज आधीच लिहून, टायमर लावून ठेवला होता आणि काढायचा विसरला होता. रविवारी सकाळी टीमच्या चॅटवर तो आपोआप येऊन आदळला: "काय फाइट झाली, डेक्लन! तिसऱ्या राउंडला चॅलेंजर गुडघ्यावर आला तेव्हा मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो. केतकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं!"

खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटल्या. सोमवारच्या कॉलला मी चांगला कुर्ता घालून, कानातले घालून बसले. आज निकाल लागणार!

डेक्लनने तो मेसेज सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. मिलिंद लालबुंद. खाली बघतोय. कोणी हसेना.

"मिलिंद," डेक्लन म्हणाला, "ही फाइट झालीच नाही."

"हो," मिलिंद पुटपुटला.

"आणि तरी मला ती डोळ्यांसमोर दिसली." डेक्लनने डोळे पुसले. हसून की कशाने, कोण जाणे. "क्लायंटला शुक्रवारी सांगायचंय की पेमेंटचं मॉड्यूल पूर्ण झालं. ते अजून सुरूसुद्धा झालेलं नाही. मिलिंद, तूच सांग त्यांना. आजपासून तू लीड!"

मग स्क्रीनवर मला शोधत म्हणाला, "आणि तू तेवढं ते मॉड्यूल करून टाक. कुर्ता छान आहे गं!"